हनुवटीवरचा कागद

जगूभाई राऊतांच्या हनुवटीवर मी काही वर्षं वर्तमानपत्र वाचलं. पालघरहून बोईसरला जाणारी आमच्या कंपनीची पहिल्या शिफ्टची बस सुटायच्या बेतात असली की ते धापा टाकत चढायचे, माझ्या शेजारी आदळायचे आणि हनुवटी पुढे करून म्हणायचे, "वाचा साहेब. आज काय?"

दाढी करताना कापलेल्या जागेवर पेपरच्या कडेचा एक कपटा चिकटवलेला असे. त्यावर कधी सोन्याचा भाव असे, कधी 'मुलगी गोरी, गृहकृत्यदक्ष' एवढाच मजकूर. एकदा मंत्रिमंडळाच्या विस्ताराचा फोटो होता, पण कपटा इतका लहान की त्यात शपथ घेणारा मंत्री फक्त कमरेखालचा मावला होता. "वरचा भाग आरशाला चिकटलाय," जगूभाई म्हणाले. त्या मंत्र्याची पुढची कारकीर्द पाहता, वरचा भाग राहून गेला तरी काही बिघडलं नाही.

या कपट्यामागे वैद्यकीय कारण होतं. कारण नसताना जगूभाई काही करत नसत, आणि कारण सांगितल्याशिवाय तर श्वासही घेत नसत.

आमच्या कारखान्यात अ‍ॅस्पिरिन व्हायचं. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत डोळे मिटून फिरलं तरी कुठली कंपनी कुठे ते नाकाला कळायचं. आमची ओळख व्हिनेगरच्या वासानं. मी पर्सोनेल खात्यात होतो, म्हणजे लोकांच्या रजा, भांडणं आणि सत्कार बघत होतो. जगूभाई सेंट्रिफ्यूजवर ऑपरेटर. ओला पांढरा माल त्या गरगरणाऱ्या भांड्यात पिळून निघायचा, आणि त्याचा आवाज इतका की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. जगूभाईंना ती सवय घरीदारी लागली होती. एडवणला त्यांचं घर. नारळी-सुपारीची वाडी, आणि तिच्यात वाडवडिलांपासूनच्या पानवेली. पहाटे वेलीला पाणी सोडायचं, मग एसटीनं पालघर, मग आमची बस. दुपारी परत जाऊन पानं खुडायची.

त्यांच्या आयुष्यात साधं असं काही घडतच नसे. एसटीचं चाक पंक्चर झालं तरी ते बसमध्ये चढताना "ऐका, ऐका!" अशी दवंडी देत यायचे. पस्तिशी ओलांडल्यावर त्यांना मधुमेह निघाला, त्या दिवशी त्यांनी प्लांटमध्ये पेढे वाटले.

"अहो, पेढे कसले?" मी विचारलं.

"डायबेटीस झाला ना साहेब! मला आता बंद. घरात पेढे होते, बघत बसण्यापेक्षा तुमी खा."

सेंट्रिफ्यूजवरचे त्यांचे जोडीदार मिश्राजी पेढा तोंडात टाकून म्हणाले, "जगूभाई, भगवान करे आपको और भी बीमारियाँ हों." सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं जगूभाई.

पुढचा प्रसंग हसण्यासारखा नव्हता. एका रविवारी सकाळी वाडीत पानांची टोपली त्यांच्या उजव्या हातातून सुटली. उचलायला गेले तर हात ऐकेना. बायकोला, सुमनवहिनींना, हाक मारायला तोंड उघडलं तर शब्दाऐवजी नुसता घशातला आवाज. थोड्या वेळानं सगळं आपोआप पूर्ववत झालं. पण वहिनी मला नंतर म्हणाल्या, "हात गेला याची मला एवढी भीती नाय वाटली. हे गप्प उभे होते, त्याची वाटली."

पालघरच्या डॉक्टरबाईंनी त्यांना तपासलं. बाई कमी बोलणाऱ्या. प्रत्येक शब्द मोजून देत. त्यांनी सांगितलं ते जगूभाईंनी दुसऱ्या दिवशी बसमध्ये अभिनयासह सादर केलं, त्यामुळे मला पाठ आहे. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक बारीक कण असतात. कुठे कापलं की ते धावत जातात, एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजवतात. रक्तात साखर जास्त राहिली की ते उगाचच चिकट होतात, जखम नसतानाही गोळा होतात. अशी एक गुठळी मेंदूकडे जाणाऱ्या नळीत क्षणभर अडकली होती. या वेळी सुटली. पुढच्या वेळी सुटेलच असं नाही, आणि अडकली तर पहिलं जाईल ते बोलणं.

"म्हणजे बगा," जगूभाई बसच्या दांडीला लोंबकळत सांगत होते, "आपल्या गणपती मंडळाचे कार्यकर्ते असतात ना? काम असलं तर पोरं चांगली. खड्डा बुजवतील, मांडव घालतील. पण त्यांना फुकटचं गोड जास्त झालं की काय होतं? काम नाय, धंदा नाय, चार जण रस्त्यात उभे राहतात. चाराचे चौदा होतात. झाला रस्ता बंद! तसे हे प्लेटलेट."

"और इलाज?" मिश्राजींनी विचारलं.

जगूभाईंनी नाटकी विराम घेतला. मग दोन्ही हात वर करून गर्जले, "अ‍ॅस्पिरिन! आपलं अ‍ॅस्पिरिन! इतकी वर्षं मी डोकेदुखीचं औषध बनवतोय समजून शिफ्टा भरतोय, आणि माल निघाला माझ्याच जिवाचा!"

बस उमरोळीच्या वळणावर होती. ड्रायव्हरनं दचकून ब्रेक मारला. मी आजवर अनेक साक्षात्कारी पुरुषांविषयी वाचलं आहे. प्रत्यक्ष पाहिलेला हा एकच, आणि तो दांडी धरून उभा होता.

त्या काळी लहान मात्रेची वेगळी गोळी आमच्याकडच्या दुकानांत सहज मिळत नसे. डॉक्टरबाईंनी नेहमीच्या गोळीचा चतकोर रोज जेवणानंतर घ्यायला सांगितला होता. गोळीचे चार सारखे भाग करणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. हातानं मोडली की दोन तुकडे आणि भुकटी. जगूभाईंनी त्यासाठी घरातला पितळी अडकित्ता काढला. पानवेलीवाल्याचं घर, तिथे अडकित्त्याला काय तोटा! साखरेच्या पथ्याबरोबर बाईंनी तंबाखू बंद केली होती, त्यामुळे तो बेकार पडला होता. आता पुन्हा कामावर रुजू झाला. रविवारी सकाळी ओटीवर मांडी घालून, जीभ किंचित बाहेर काढून ते आठवड्याच्या गोळ्या कातरायचे. त्या वेळी बोलत नसत. एरवी असा योग नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. गोळ्या ते पालघरच्या औषधाच्या दुकानातूनच आणत. मिश्राजींनी एकदा ड्रमकडे बोट दाखवून डोळा मारला, तर ते खरोखर चिडले. "हा कच्चा माल हाय. हा खायचा नाय. शुद्ध करतात, तोलतात, गोळी पाडतात, तेव्हा औषध होतं." आणि मग राग लगेच उतरून, "काय मजा हाय ना? इथे टनात बनवायचं आणि घरी चतकोर खायचं."

गोळीचा परिणाम हनुवटीवर दिसू लागला. पूर्वी ब्लेडचा ओरखडा लगेच बंद व्हायचा, आता रक्त रेंगाळायचं. दुसरा कोणी घाबरला असता. जगूभाईंना आनंद झाला. "बगा! कार्यकर्ते जागेवर नाय येत लवकर! गोळी काम करतेय!" त्यांचा कपटा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं प्रयोगशाळेचा अहवाल होता. डॉक्टरबाईंनी सांगितलं, की ही काही परीक्षा नव्हे, साखर तपासत राहा, आणि पोटात जळजळ झाली किंवा शौचाला काळी झाली तर त्याच दिवशी या. जगूभाईंनी तेही बसमध्ये मोठ्यानं सांगितलं. नाश्त्याची वेळ होती, लोकांनी डबे मिटले.

लोक 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणायचे. ते ऐकलं की जगूभाई उसळायचे. "पातळ काय? रक्त म्हणजे काय डाळ हाय, पाणी घालून वाढवायला? रक्त तेवढंच, तसंच. फक्त हे चिकटोबा सुस्त होतात." आणि रोज का घ्यायची याचंही उत्तर तयार. "एकदा गोळी लागली की तो प्लेटलेट मरेपर्यंत गप्प. पण शरीर रोज नवी भरती करतंय. आठवडा-दहा दिवस गोळी सोडा, सगळे नवे, सगळे उत्साही!"

या प्रचाराचा व्हायचा तो परिणाम झाला. पॅकिंगमधल्या एका मधुमेही कामगारानं जगूभाईंकडून चतकोर मागून घेतला, मग अजून दोघांनी. चौथ्या दिवशी पहिल्याच्या पोटात आग पडली. त्याला जुना अल्सर होता. डॉक्टरबाईंनी त्याला बरं केलं आणि जगूभाईंना बोलावून घेतलं. मी सोबत होतो.

"तुम्ही डॉक्टर आहात?" बाईंनी विचारलं.

"नाय, बाई."

"मी तुम्हाला पोटाचं विचारलं होतं की नाही, गोळी देण्याआधी?"

"इचारलं होतं."

"तुम्ही त्याला विचारलंत?"

जगूभाईंनी मान खाली घातली. "बाई, मला वाटलं चांगली गोष्ट एकट्यानं कशाला खायची."

बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती जराशी हलली. "भाषण वाटा. गोळी वाटू नका."

ते त्यांनी शब्दशः पाळलं. गोळी बंद, भाषण दुप्पट.

आणि म्हणूनच सुरक्षा सप्ताह आला तेव्हा कामगारांच्या वतीनं बोलायला त्यांचं नाव निघालं. हा सप्ताह माझ्या खात्याकडे असे. तोरणं, फुगे, मुंबईहून येणारे प्रमुख पाहुणे, त्यांचं कामगारांवरील प्रेम, आणि त्या प्रेमापोटी लांबलेलं भाषण. त्या वर्षी सुरक्षा बुटांचा नियमित वापर हा विषय होता, आणि वर्षभर एकदाही बूट न विसरल्याबद्दल जगूभाईंना बक्षीस होतं. बक्षीस काय, तर नवे सुरक्षा बूट. कंपनीची कल्पकता तिथपर्यंतच जायची.

पाहुण्यांनी पाय हा प्रगतीचा पाया कसा आहे ते सविस्तर सांगितलं. मग जगूभाई उठले. हनुवटीवर कपटा होताच. त्यांनी बुटांवर बोलायचं होतं, पण बुटावरून पायावर, पायावरून मधुमेहावर आणि मधुमेहावरून प्लेटलेटवर ते अशा वेगानं घसरले की आमचे मॅनेजर घड्याळ बघायचं विसरले. "साखरवाल्याच्या पायाला कळत नाय की काय टोचलं! डॉक्टरबाई सांगतात, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाय. घरात नाय, दारात नाय, कुठेच नाय!" टाळ्या कडाडल्या. पाहुण्यांनी बूट देताना विचारलं, "हे तोंडाला काय लागलंय?" जगूभाई माइकवरच म्हणाले, "आजचं हवामान, साहेब."

ते बूट एडवणला गेले आणि वाडीच्या कवाडाशी थांबले.

कारण पानवेलीत चप्पल घालून कोणी जात नाही. तिथे तो नियम कोणी सांगत नाही, इतका तो सगळ्यांना ठाऊक. पानवेल सोवळ्यातली. पायताण नाही, विटाळ नाही, रक्ताचा थेंब नाही. जगूभाईंच्या घरी हा नियम म्हणजे त्यांची आई. तिला ते बय म्हणत. बय लहानखुरी, ताठ कण्याची, पांढऱ्या लुगड्यातली. वेलीशी पुटपुटत बोलायची, आणि माणसांशी बोलताना मात्र आवाज चढवायची. तिनं ते बूट पाहिले, त्यांच्या पोलादी टोकांवर बोट आपटलं आणि म्हणाली, "चांगले हायत. कोंबडीला ठेव." आठवडाभरात डाव्या बुटात कोंबडीनं अंडं घातलं.

मी एकदा एडवणला गेलो असताना जगूभाईंना छेडलं. "काय हो, 'कुठेच नाय' म्हणालात ना भाषणात?"

ते अनवाणी पायांनी ओल्या सरीत उभे होते. माणूस अडचणीत असला तरी चेहरा फुललेलाच. "साहेब, भाषण कंपनीच्या हद्दीत होतं. ही बयची हद्द."

आणि मग जे व्हायचं ते झालं. वेल चढवायला तिथे पांगाऱ्याची झाडं लावतात, त्यांना काटे असतात. एका दुपारी असा एक काटा जगूभाईंच्या टाचेत पूर्ण गेला आणि त्यांना कळलंच नाही. पाय बधिर झाले होते. ते पानं खुडत, गाणं गुणगुणत, सरीमागून सरी फिरत राहिले. रक्त थांबेना, कारण कार्यकर्ते सुस्त. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांना कवाडापासून आत आत जाणारी लाल पावलं दिसली, एका पायाची, लक्ष्मीच्या पावलांसारखी आखीव. त्यांनी कपबशी तिथेच टाकली आणि पावलांमागे धावल्या.

डॉक्टरबाईंनी काटा काढला. म्हणाल्या, "रक्त वाहिलं म्हणून दिसलं. नाहीतर हा काटा आत राहून पिकला असता, आणि आठ दिवसांनी तुम्ही मला पाय दाखवायला आला असतात तेव्हा मी तुम्हाला मुंबईला पाठवलं असतं. कशाला, ते सांगत नाही." जगूभाईंना एवढं पुरे होतं. बसमध्ये त्यांनी 'गोळीनं पाय वाचवला' हा प्रयोग उमरोळीपर्यंत एकदा आणि पुढे बोईसरपर्यंत लोकाग्रहास्तव पुन्हा केला.

घरी मात्र या प्रसंगाचा अर्थ वेगळा लागला. वेलीत रक्त सांडलं. बयनं दूध शिंपडलं, नारळ फोडला. तरी त्याच पावसात वेलीला मर लागली. पानं पिवळी पडून देठापासून गळू लागली, एका कोपऱ्यातल्या रांगा बसल्या. मर दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे लागतेच, शेजारच्या वाडीतही लागली होती आणि तिथे कोणाच्या टाचेत काटा गेला नव्हता. पण बयला हा हिशेब पटण्यातला नव्हता. तिनं मुलाला शिव्या दिल्या नाहीत. जेवण सोडलं. वेलीच्या बुडाशी बसून राहायची.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला दिसली ती हनुवटी. एका सकाळी जगूभाई शेजारी बसले आणि त्यांनी ती पुढे केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चेहरा स्वच्छ. वाचायला काही नाही.

"जगूभाई, आजचा अंक?"

"नवीन ब्लेड हाय."

"नव्या ब्लेडनं तर जास्त कापतं." मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना खोटं फार वेळ जमत नसे. खोट्याला कमी शब्द लागतात.

"सोडली, साहेब," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच बसच्या इंजिनाखाली गेला. "थोडे दिवस. वेल सावरेपर्यंत. वाडीत परत रक्त पडलं तर बय जगायची नाय."

"अहो, मग बूट घाला!"

"बूट घातला तरी बय जगायची नाय."

"आणि तुम्ही?"

"मला काय होतंय? साखर कंट्रोलात हाय. पावसाळा संपला की परत चालू."

"आठवडा-दहा दिवसांत सगळी नवी भरती, असं कोण सांगत होतं या दांडीला लटकून?"

ज्या माणसानं सबंध बसला प्लेटलेट शिकवले, त्याला स्वतःचं व्याख्यान लागू करायची वेळ आली तेव्हा मध्ये आई उभी होती. सुशिक्षितांचंही याहून वेगळं होत नाही, फक्त आपण त्याला सांस्कृतिक संचित वगैरे म्हणतो. मी बडबड केली, मिश्राजींनी हात जोडले. संध्याकाळी मी डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी निरोप धाडला. "दिवाळीच्या आत चालू करतो," असं उत्तर आलं.

दिवाळीच्या आतच तो दिवस आला. बस उमरोळी सोडून पुढे निघाली होती. जगूभाई मूडमध्ये होते. वेलीला नवी पालवी फुटली होती, ती हातभर करून दाखवत होते. "ऐका, ऐका! कोपऱ्यातली रांग परत..." आणि थांबले. आम्हाला वाटलं नाटकी विराम. मिश्राजींनी तर "परत क्या?" म्हणून विचारलंही. जगूभाईंचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. उजवा हात दांडीवरून सुटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांत उरलेलं वाक्य सगळंच्या सगळं होतं. ड्रायव्हरनं कोणाला न विचारता बस फिरवली. शिफ्ट बुडाली तर बुडाली. पालघरपर्यंत त्या बसमध्ये कोणी एक शब्द बोललं नाही. इतकी शांत बस मी पुन्हा पाहिली नाही, आणि पाहायची इच्छा नाही.

या वेळी गुठळी लगेच सुटली नाही. जगूभाई वाचले. हातात थोडी ताकद राहिली. जीभ जड झाली. शब्द तोंडात गोळा व्हायचा आणि दाराशी अडकायचा.

दुसऱ्या दिवशी बय आली. एडवणच्या बाहेर ती सहसा पडत नसे. दवाखान्याच्या फरशीवर अनवाणी चालत आली, खाटेशी उभी राहिली. मुलगा तिला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. तोंडातून "ब... ब..." एवढंच येत होतं. बयनं त्याचं तोंड आपल्या हातानं मिटवलं.

"गोळी का सोडली यानं?" डॉक्टरबाईंनी वहिनींना विचारलं.

बय मध्येच म्हणाली, "माझ्यामुळे. वेलीत रगत नको म्हणून."

मला वाटलं आता बाई सुनावणार. मी स्वतः सुनावण्याच्या तयारीत होतो, चांगली वाक्यंही सुचली होती. डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं आणि बयला बसवलं.

"आजी, याला गोळी जन्मभर लागेल. गोळी घेतली की रक्त थांबायला वेळ लागणार. आणि पायाला काही कळत नाही, म्हणजे पाय झाकायला हवा. वेलीत काय चालत नाही ते मला समजलं. काय चालतं?"

असं बयला कोणी विचारलं नसावं.

"चामडं नाय," ती सावकाश म्हणाली. "रबर नाय. बाहेरून पायाखाली तुडवत आणलेलं काय नाय."

"आणि वाडीतलंच असेल तर?"

खाटेवरून पुन्हा "ब..." असा आवाज आला. बय उठली. "वाडीतल्यानं वाडी कशी बाटेल?" असं कोणाला न सांगता म्हणाली आणि निघून गेली. एसटी पकडायला, हे आम्हाला नंतर कळलं.

जगूभाई घरी गेले तेव्हा त्यांच्यासाठी जोड तयार होता. सुपारीची झावळी गळते तिच्या बुडाशी रुंद, चामड्यासारखी चिवट विरी असते. बयनं ती भिजवून, पावलाच्या मापानं दुमडून, थरावर थर घालून शिवली होती. शिवायला केळीच्या सोपाचा दोर, आतून जुन्या लुगड्याचं अस्तर. टाचेला चार थर. दिसायला ते बूट आणि होडी यांच्यामधलं काहीतरी होतं. डॉक्टरबाईंनी मागवून घेतले, आत हात घालून शिवण कुठे टोचते का पाहिलं, पांगाऱ्याचा काटा तळातून दाबून पाहिला. आरपार गेला नाही. "रोज चालून झाल्यावर पाय बघायचा," एवढं बजावून त्यांनी ते परत दिले. बयनं पहिला जोड वेलीपुढे ठेवला, हळदकुंकू लावलं, आणि मग मुलाच्या पायात स्वतः चढवला. पावसाळ्यात ते कुजायचे. मग ती नवा करायची.

जगूभाई कामावर परत आले, पण सेंट्रिफ्यूजवर नाही, हलक्या कामावर. बसमध्ये बोलायचे. शब्द जपून, एकेक पाऊल टाकल्यासारखे. पूर्वी आम्ही ऐकत नसतानाही ते बोलत. आता वाक्य पुरं व्हायची सगळी बस वाट बघे. मिश्राजी कोणाला मध्ये तोंड घालू देत नसत. "रुको, जगूभाई का स्टेशन आने दो."

काही वर्षांनी मी नोकरी बदलून नाशिकला निघालो. निरोप घ्यायला एडवणला गेलो. कवाडाशी ते जुने सुरक्षा बूट होते. आता दोन्हींत कोंबड्या. मी माझ्या चपला त्यांच्याशेजारी काढल्या. ओटीवर बय अडकित्ता चालवत होती, आठवड्याचे चतकोर करत. जगूभाईंचा उजवा हात तेवढा नेमका राहिला नव्हता. तिनं माझ्याकडे न बघता वाडीकडे मान केली.

आतून करकर आवाज येत होता. हिरव्या अंधारातून जगूभाई आले, पायांत त्या दोन होड्या, हातात पानांची टोपली. मला पाहताच चेहरा उजळला. तोंड उघडलं, पहिलं अक्षर अडकलं. मी थांबलो.

"ऐ... ऐका, ऐका!" ते म्हणाले. आणि मग नवीन पानाचं वर्णन सुरू झालं, त्याचा रंग, त्याची लांबी, दोन्ही हात हवेत, टोपली कलंडलेली. दाढी आता ते डाव्या हातानं करत. हनुवटीवर एक, गालावर एक, मानेवर एक, असे तीन कपटे होते.

बोलता बोलता थांबून त्यांनी चेहरा पुढे केला. "वा... वाचा साहेब. रविवारची पुरवणी हाय."

मी वाकलो. कागद ओले होऊन लाल झाले होते, अक्षरं मिसळून गेली होती. एकही शब्द लागत नव्हता.

"काय?" जगूभाईंनी विचारलं.

"चांगली बातमी आहे," मी म्हटलं.